‘तीनच फिरते भाग’ हा हिशेब अपुरा आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बंद पडलेली माझदा आरएक्स-७ (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणाऱ्या रोटरी इंजिनाची जपानी स्पोर्ट्स गाडी) स्वस्तात घ्यावी आणि घरच्या गॅरेजात स्वतः उभी करावी, असा सल्ला आपल्या वाहनांच्या पानावरील लेखात परदेशातल्या मराठी तरुणांना दिला आहे. ‘दोन रोटर आणि एक शाफ्ट, तीनच फिरते भाग, व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग बेल्ट नाही, म्हणून नवख्यालाही जमेल’ असं त्याचं कारण दिलं आहे. उत्साहाला आमची हरकत नाही. नवख्याला जमतं हेही खरं. पण लेखातल्या क्रमाने कोणी कामाला लागला, तर सहा महिन्यांत त्याच्याकडे नवं सील किट घातलेलं आणि पुन्हा बंद पडलेलं इंजिन असेल. शिवाय चौकटीत छापलेला एक आकडा साफ चुकीचा आहे. त्याबद्दल शेवटी लिहितो.

आधी हा विषय कुठला, ते सांगायला हवं. आपल्याकडे माझदा म्हटलं की स्वराज माझदाचा टेम्पो नाहीतर शाळेची मिनीबस आठवते. आरएक्स-७ भारतात कंपनीने कधी विकली नाही आणि वापरलेल्या गाडीच्या आयातीला तीन वर्षांच्या वयाची अट असल्यामुळे १९८०च्या दशकातली गाडी आणायचा प्रश्नच उद्भवत नाही. तेव्हा हे पत्र ऑकलंड, मेलबर्न, न्यू जर्सीकडच्या वाचकांसाठी समजावं. रोटरी इंजिन मात्र महाराष्ट्राला परकं नाही. निशांत या वैमानिकरहित विमानाचं ५५ अश्वशक्तीचं वांकेल, म्हणजे रोटरीच, इंजिन बनवण्यात अहिल्यानगरच्या, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरच्या, व्हीआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेचा वाटा होता. ते इंजिन बसवलेलं निशांत एप्रिल २००९ मध्ये कोलारजवळ उडालं.

आता ‘तीन भाग’. आरएक्स-७च्या दोन रोटरच्या ‘१३बी’ इंजिनात रोटरच्या टोकांवर सहा अ‍ॅपेक्स सील असतात आणि त्यातलं प्रत्येक दोन किंवा तीन तुकड्यांचं. कोपऱ्यांवर १२ गोल कॉर्नर सील, दोन्ही बाजूंना मिळून १२ साइड सील, शिवाय आठ ऑईल रिंगा. सीलच झाली ३८. त्यांच्या खालच्या स्प्रिंगा आणि ओ-रिंगा वेगळ्या. तीन भाग फिरतात हे बरोबर, पण इंजिन जगतं ते या अडतिसांवर. आणि ती आपोआप मरत नाहीत. तेल न मिळाल्याने मरतात, तापल्याने मरतात, पेट्रोलने धुतली गेल्याने मरतात, कधी नुसती पडून राहून खाचेत चिकटतात. बंद गाडी घेणाऱ्याचं पहिलं काम इंजिन उघडणं नाही. ते कशाने मेलं हे शोधणं आहे, कारण मारणारा बहुतेक वेळा इंजिनाच्या बाहेर बसलेला असतो आणि नव्या सीलांचीही वाट बघत असतो.

बोलणं नेमकं व्हावं म्हणून एकच गाडी घेतो: १९८६ ते १९९१ या मॉडेलवर्षांची, आतल्यांच्या भाषेत ‘एफसी’, टर्बो नसलेली. इंजिन १३बी, ६५४ सीसीचे दोन कप्पे, प्रत्येक रोटरला एक, एकूण १३०८ सीसी.

‘सेल्फ फिरतो, पण चालू होत नाही’ असं विकणारा सांगतो, तेव्हा चारातली एक गोष्ट असते: फ्लडिंग, तुटलेलं सील, झिजलेली किंवा चिकटलेली सील, नाहीतर आत उतरलेलं कूलंट. सर्वांत निरुपद्रवी म्हणजे फ्लडिंग. थंड इंजिन चालू करून गाडी अंगणातून गॅरेजात घेतली आणि अर्ध्या मिनिटात बंद केली, तर आत पेट्रोल साचतं आणि सीलांवरची तेलाची पातळ साय धुऊन जाते. रोटरीत कॉम्प्रेशन टिकवण्यात त्या तेलाचा मोठा वाटा असतो. ते गेलं की कॉम्प्रेशन पडतं, गाडी चालू होत नाही, माणूस पुन्हा सेल्फ मारतो आणि आणखी पेट्रोल आत जातं. अशा धडधाकट गाड्या ‘इंजिन गेलं’ म्हणून विकल्या जातात.

उपाय फुकटातला आहे. पेट्रोल पंपाचा कनेक्टर काढा, कॉइलचेही काढा. उघड्या प्लगांपाशी ठिणगी पडली तर आग लागेल. चारही प्लग काढून दहा-दहा सेकंद तीन-चार वेळा सेल्फ मारा म्हणजे साचलेलं पेट्रोल बाहेर फेकलं जाईल. मग खालच्या प्लगच्या भोकातून प्रत्येक कप्प्यात साधारण १० मिली इंजिन ऑईल किंवा एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) सोडा, पुली हाताने दोन-तीन फेऱ्या फिरवा, नवे प्लग लावा आणि पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीवर चालू करा. खाली, म्हणजे लीडिंगला, एनजीकेचे बीयूआर७ईक्यू. वर, म्हणजे ट्रेलिंगला, बीयूआर९ईक्यू. अदलाबदल करू नका, नऊ नंबरचा प्लग जास्त थंड आहे. चालू झाली की इतका धूर निघेल की शेजारी फायर ब्रिगेडला फोन करतील. त्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

एवढ्याने भागलं नाही तर कॉम्प्रेशन मोजायचं, आणि इथे पिस्टन इंजिनाची सवय दगा देते. साध्या गेजमध्ये हवा परत जाऊ न देणारी एक पिन असते, टायरच्या व्हॉल्व्हमध्ये असते तशी. तिच्यामुळे काटा सर्वांत वरच्या आकड्यावर अडकून राहतो. रोटरच्या तीन बाजू आहेत. त्यातली एक चांगली आणि दोन मेलेल्या असल्या, तरी गेज चांगलीचाच आकडा दाखवून मोकळं होतं. ती पिन काढून टाका. आता प्रत्येक दाबाला काटा उसळेल आणि शून्यावर येईल. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा, पंप आणि कॉइल काढलेले असू द्या, मोजत असलेल्या कप्प्याचा एकच प्लग काढा आणि काट्याचं मोबाईलवर स्लो-मोशनमध्ये चित्रण करा.

शाफ्टच्या तीन फेऱ्यांत रोटर एकदा फिरतो, म्हणून एका कप्प्यात शाफ्टच्या दर फेरीला एक दाब येतो. बारा सेकंदांत काटा ५० वेळा उसळला, तर सेल्फची गती मिनिटाला २५० फेऱ्या. कारखान्याचा आकडा याच गतीसाठी दिलेला आहे. गती २०० असताना मोजून इंजिनाला नावं ठेवू नका, आधी बॅटरी आणि सेल्फ बघा. २५० फेऱ्यांना एफसीची किमान मर्यादा ६.० किलो प्रति चौ. सेंमी आहे, तीन बाजूंतला फरक १.५ किलोच्या आत आणि दोन रोटरांतला १ किलोच्या आत हवा.

चित्रण बघताना उसळ्या तीन-तीनच्या गटात मोजा. तिन्ही सारख्या आणि सहाच्या वर असतील तर इंजिनाला हात लावू नका, दोष दुसरीकडे आहे. शेजारच्या दोन पडलेल्या आणि एक ठीक असेल, तर त्या दोन बाजूंच्या मधलं अ‍ॅपेक्स सील तुटलं किंवा अडकलं आहे, कारण एक अ‍ॅपेक्स सील दोन बाजूंची हवा अडवतं. एकच पडलेली असेल तर संशय साइड किंवा कॉर्नर सीलवर. तिन्ही सारख्याच पडलेल्या असतील तर झीज, किंवा वर्षानुवर्षं पडून चिकटलेली सील. या शेवटच्या प्रकारात २०-३० मिली एटीएफ टाकून चार-पाच दिवस थांबा, रोज पुली थोडी फिरवा आणि पुन्हा मोजा. सील सुटली तर सुटली. काही शे रुपयांच्या तेलात बघून होतं.

पुली फिरवताना एक पथ्य पाळा. १९चा गोटी पाना लावून, समोरून बघताना घड्याळाच्या दिशेनेच फिरवायची. उलट फिरवली तर पुलीचा बोल्ट सैल होण्याची भीती असते, आणि त्या बोल्टमागे काय आहे ते पुढे येईलच.

चौथा प्रकार पाण्याचा. पिस्टन इंजिनात एकाच सिलिंडरमध्ये थंड मिश्रण येतं आणि तिथेच ते जळतं. रोटरीत हाऊसिंगची, म्हणजे रोटर ज्यात फिरतो त्या कवचाची, एक बाजू कायम थंड, तर प्लगांकडची बाजू कायम भाजत असते. कूलंट अडवणाऱ्या ओ-रिंगा त्या बाजूलाच आधी करपतात. मग कूलंट ज्वलनकक्षात उतरतं, सकाळी चालू करताना गोडसर वासाचा पांढरा धूर येतो आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे दिसतात. खात्री करायची तर प्लग काढून कूलिंग सिस्टिममध्ये हातपंपाने ०.९ किलो दाब भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी सेल्फ मारल्यावर प्लगच्या भोकातून कूलंटचा फवारा आला, तर इंजिन उघडण्याला पर्याय नाही.

पण उघडून नवी रिंग घातली की काम संपलं, असंही नाही. एफसीत या ओ-रिंगांच्या खाचा हाऊसिंगच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या बिडाच्या प्लेटांत आहेत. त्याआधीच्या इंजिनांत त्या अ‍ॅल्युमिनियमच्या हाऊसिंगमध्ये होत्या. प्लगांजवळ त्या खाचेची भिंत अगदी पातळ आहे. आधीच्या मालकाने कूलंटऐवजी नळाचं पाणी भरलं असेल तर भिंत गंजते आणि तिचा कपचा उडतो. नव्या रिंगला टेकायला जागाच उरत नाही. खाच साफ करून नखाने आणि भिंगाने पूर्ण फेरी तपासा. कपचा उडालेली प्लेट बदलावी, एवढंच आमचं मत. वेल्डिंग करून, इपॉक्सी भरून चालवणारे आहेत. त्यांच्या गाड्या आम्ही पुन्हा उघडलेल्या आहेत. आणि मुळात ती तापली का? प्लास्टिकच्या टाकीचा जुना रेडिएटर, अर्धा उघडणारा थर्मोस्टॅट, दाब न धरणारं झाकण, सैल झालेला फॅन क्लच. एवढं न बदलता इंजिन पुन्हा जुळवलं तर ती रिंग दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा करपणार.

तेलाचंही तसंच. या इंजिनाला जळण्यासाठी तेल मुद्दाम दिलं जातं. एक छोटा मीटरिंग पंप ते बारीक प्लास्टिकच्या नळ्यांतून आत पाठवतो. पस्तीस वर्षांत त्या नळ्या पापडासारख्या होतात आणि इनटेक काढताना बोट लागलं तरी मोडतात. मोडलेली नळी लक्षात आली नाही तर त्या रोटरला तेल मिळत नाही. नळ्या बदला, किंवा पंप काढून टाकून टाकीत टू-स्ट्रोक तेल मिसळा, लिटरला ८ ते १० मिली. पंप काढणाऱ्याला दर वेळी पेट्रोल भरताना ते आठवावं लागतं, हे विसरू नका.

आता उघडणं. इनटेकखालच्या व्हॅक्युमच्या नळ्यांचं जाळं बघून नवखा इथेच हबकतो. प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना एकच नंबर चिकटवा आणि फोटो काढा. इंजिन खाली घेतल्यावर पहिली लढाई फ्लायव्हीलच्या नटाशी. ५४ मिमीचा नट, ४० ते ५० किलोग्रॅम-मीटरला आवळलेला. म्हणजे एक मीटरच्या दांड्यावर ४० ते ५० किलोचा माणूस उभा राहील इतका. शिवाय लॉकटाइट लावलेलं. गरम करा, फ्लायव्हीलला स्टॉपर लावा, चांगली गोटी आणि लांब पाईप घ्या. छिन्नी-हातोड्याने तो नट काढल्याच्या खुणा दिसल्या, तर इंजिन आधी कोणीतरी ‘केलेलं’ आहे असं समजा.

इंजिन फ्लायव्हीलची बाजू वर येईल असं उभं करून १८ लांब बोल्ट थोडे-थोडे, फिरत्या क्रमाने सैल करा. मग मागची प्लेट, मागचं हाऊसिंग, मागचा रोटर, मधली प्लेट, असं वरून खाली. मधली प्लेट सरळ निघत नाही. शाफ्ट साधारण २५ मिमी वर उचलून तिरकी वाट काढावी लागते. दोन माणसं हवीत. प्रत्येक सील ज्या खाचेतलं, त्याच नावाच्या कप्प्यात ठेवा. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे यासाठी पुरतो.

साफ करताना हाऊसिंगला कॉस्टिक लावू नका, ते अ‍ॅल्युमिनियम खातं. रोटरच्या खाचेतला कोळसा मोडक्या अ‍ॅपेक्स सीलच्या तुकड्याने खरवडा. तेवढंच नेमकं त्या खाचेत बसतं आणि खाच रुंदही करत नाही.

मग मोजणी. अ‍ॅपेक्स सीलची उंची ६.५ मिमीच्या खाली गेली असेल तर बाद. खाचेतली त्याची ढिलाई ०.१५ मिमीपर्यंत. बिडाच्या प्लेटेचा बाक ०.०४ मिमीपर्यंत, साइड सीलने पाडलेली पायरी ०.१० मिमीपर्यंत. पायरी जास्त असेल तर प्लेट लॅपिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, देता येते, पण त्यात वरचा नायट्रायडिंगचा कडक थर जातो, हे आपल्या टर्नरला माहीत असेलच असं नाही. हाऊसिंगच्या क्रोमवर नख फिरवा. कडेला एखादा मिलिमीटर सोललं असेल तर चालवून घेता येतं. मधे, सीलच्या वाटेत खड्डा असेल तर नवं सील तिथे काही दिवसांत खाल्लं जाईल. सर्व खर्चात हाऊसिंगच सर्वांत महाग, म्हणून गाडीचा सौदा करताना किंमत ‘हाऊसिंग बाद’ धरूनच करावी.

नवख्याने सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो साइड सीलला. नवी सील मुद्दाम थोडी लांब येतात. कॉर्नर सील जागेवर बसवायचं, साइड सील त्याच्या खाचेत ठेवायचं आणि दोहोंतली फट फिलर गेजने बघायची. ती ०.०५ ते ०.१५ मिमी हवी. सील बोटांत धरून एकाच टोकाला बारीक कानशीने दोन हात मारायचे, कड सरळ ठेवायची, कंगोरा पुसायचा, पुन्हा बसवायचं, पुन्हा मोजायचं. ०.०५चं पान सहज जातं आणि ०.१५चं अडतं, तिथे थांबायचं. असं बारा वेळा, आणि बाराही सील आपापल्या खाचेपुरती. एकाचं माप दुसऱ्याला चालत नाही. घाईत एक हात जास्त बसला तर ते सील गेलं. फट कमी ठेवली तर तापल्यावर सील लांब होऊन कॉर्नर सीलला ढकलतं आणि दोन्ही अडकतात. जास्त ठेवली तर गाडी थंड असताना छान चालू होते आणि पेट्रोल पंपावर बंद केली की गरम असताना चालू व्हायला तास लावते. एका संध्याकाळी बारा सील बसवून झाली असं कोणी सांगितलं तर आम्ही तरी ते इंजिन विकत घेणार नाही.

जुळवणी खालून वर, पुढची प्लेट तळाला. सील जागेवर धरायला व्हॅसलीन वापरा. ते वितळून जळून जातं, ग्रीस मागे गाळ ठेवतं. अ‍ॅपेक्स सीलचा छोटा त्रिकोणी तुकडा आणि कॉर्नर सील, ही दोन वर प्लेट ठेवताना गुपचूप सरकतात. म्हणून दर थराआधी तिन्ही कोपरे बोटाने दाबून बघा, प्रत्येकाने उसळी घेतलीच पाहिजे. १८ बोल्ट तीन फेऱ्यांत ३२ ते ३९ न्यूटन-मीटरपर्यंत. मग शाफ्ट हाताने फिरवा. तिन्ही बाजूंचा फुसफुस आवाज सारखा यायला हवा. कुठे अडलं तर जोर लावू नका, उघडा.

आता तो पुलीचा बोल्ट. त्याच्या मागे शाफ्टवर एकामागून एक स्पेसर, सुयांचे थ्रस्ट बेअरिंग आणि प्लेटा बसतात. इंजिन आडवं असताना हा बोल्ट सैल झाला किंवा शाफ्ट मागे सरकला, की पुढचं सुयांचं बेअरिंग खाली घसरून स्पेसरच्या कडेवर बसतं. बाहेरून काही दिसत नाही. बोल्ट आवळला की ते चिरडलं जातं. म्हणून इंजिन पुढची बाजू वर करून उभं ठेवा, सगळी थप्पी बोटाने चाचपून बसवा, बोल्ट १०८ ते १२७ न्यूटन-मीटरला आवळा आणि तोवर शाफ्ट खालून कोणी ढकलणार नाही असं बघा. नंतर फ्लायव्हीलच्या बाजूला डायल गेज लावून शाफ्ट पुढे-मागे हलवा. ०.०४ ते ०.०७ मिमी हवं, ०.०९ ही मर्यादा. शून्य आलं तर बेअरिंग चिरडलं. तसंच चालवलं तर पुढचे थ्रस्ट भाग निळे पडतील. गाडीत बसलेल्या इंजिनाचा फक्त पुढचा ऑईल सील बदलायला गेलेले लोक हाच घोटाळा करतात.

पुढचं कव्हर लावण्याआधी तेलाच्या वाटेवरची एक छोटी ओ-रिंग नवी घाला. ती फाटली तर तेलाचा दाब आतल्या आत गळतो आणि इंजिन ‘झिजलं’ असा निष्कर्ष काढला जातो. शाफ्टच्या पुढच्या टोकात तापमानावर चालणारी एक गुटी असते. ती अडकली तर रोटरांना थंड करणारं तेल पुरेसं मिळत नाही. बहुतेक जण तिथे ठोकळा बसवून वाद मिटवतात, आम्हीही तेच सुचवू.

इंजिन गाडीत चढवण्याआधी इंधनाची बाजू निपटून घ्या. चारही इंजेक्टर काढून सफाई-चाचणीला द्या. गळका इंजेक्टर म्हणजे रोजचं फ्लडिंग. पेट्रोल रेलवरचा पल्सेशन डॅम्पर जुना झाला की त्याचा पडदा फाटतो आणि पेट्रोल थेट गरम इंजिनावर उडतं. या गाड्या जळण्याचं ते एक ठरलेलं कारण आहे. नवा घाला किंवा बंद बोल्ट लावा, आणि रबरी पेट्रोल नळ्या सरसकट बदला. टाकीतलं जुनं पेट्रोल वास घेऊनही चालेल की नाही ते कळतं. शंका आली तर काढाच.

पहिल्यांदा चालू करताना प्लग काढून, पंप आणि कॉइल बंद ठेवून, तेलाचा दाब दिसेपर्यंत सेल्फ मारा. मग प्लग, मग पेट्रोल, टाकीत लिटरला ५ मिली टू-स्ट्रोक तेल, मीटरिंग पंप ठीक असला तरी. टायमिंग लीडिंगचं वरच्या बिंदूनंतर ५ अंश, ट्रेलिंगचं २० अंश. पिस्टनवाल्यांना ‘नंतर’ वाचून चूक वाटते, चूक नाही. व्हॅसलीनचा धूर दहा-वीस मिनिटं राहील. नवी सील बसेपर्यंत कॉम्प्रेशन कमीच दिसतं, म्हणून पहिल्या दिवशी मोजून घाबरू नका. पहिले दीड हजार किलोमीटर ४००० फेऱ्यांच्या आत ठेवा, पहिलं तेल ५०० किलोमीटरला बदला. आणि थंड इंजिन चालू केलं तर पूर्ण गरम होऊ द्या. नाहीच जमलं तर बंद करण्याआधी दहाएक सेकंद ३००० फेऱ्यांवर ठेवा, म्हणजे साचलेलं पेट्रोल जळून जाईल.

आता तो आकडा. लेखाच्या चौकटीत ‘कॉम्प्रेशन दहा किलोच्या खाली असेल तर इंजिन बाद समजावे’ असं छापलं आहे. हा पिस्टन इंजिनाचा अंदाज आहे. १३बीची किमान मर्यादा वर सांगितल्याप्रमाणे २५० फेऱ्यांना ६.० किलो आहे. आरएक्स-८च्या रेनेसिस इंजिनाची ६.९, आणि त्या इंजिनाचा प्रमाण आकडाच ८.५ आहे. चौकटीच्या हिशेबाने जपानहून निघालेलं कोरं इंजिनही भंगारात जाईल. सात-साडेसात किलो आलेलं धडधाकट इंजिन कोणी वाचक विनाकारण उघडून बसण्याआधी पुढच्या अंकात ही दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपले,
रोटरी गाड्यांची कामं करणारे काही मराठी वाचक
ऑकलंड व मेलबर्न